बारो कोलोरॅडो: टेप कुठे गुंडाळायचा?

पनामा सिटीहून गाम्बोआपर्यंत रस्ता, तिथून पुढे होडी. ही होडी थेट पनामा कालव्यातूनच जाते, शेजारून अजस्र मालवाहू जहाजं सरकत असतात. कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधलं, गातून नावाचं सरोवर भरलं आणि एका टेकडीचा माथा तेवढा पाण्याबाहेर राहिला. तेच हे बारो कोलोरॅडो बेट, सुमारे १५०० हेक्टरांचं. भारतातून येणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस निदान १० दिवस आधी घ्यावी. दाखला नसेल तर परतल्यावर विलगीकरणात बसवतात.

संवर्धन जीवशास्त्राचे विद्यार्थी इथे येतात ते मुख्यतः ५० हेक्टरांच्या प्लॉटसाठी, म्हणजे झाडं पुन्हापुन्हा मोजण्यासाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यासाठी. १००० मीटर लांब, ५०० मीटर रुंद, आत २० बाय २० मीटरचे १२५० चौकोन. १ सेंटिमीटर किंवा त्याहून जाड प्रत्येक खोडाला क्रमांक. पहिली गणना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला झाली, पुढे साधारण दर पाच वर्षांनी. तमिळनाडूतल्या मुदुमलैचा ५० हेक्टरांचा प्लॉट याच घराण्यातला.

काम सोपं वाटतं: जमिनीपासून १.३ मीटरवर टेप गुंडाळा, आकडा लिहा. पण आपल्याकडे वनखात्यात १.३७ मीटरवर घेर मोजायची सवय असते, आणि इथे हवा व्यास. ३१.४ सेंटिमीटर घेर म्हणजे १० सेंटिमीटर व्यास. रकाना चुकला की झुडपाचा वृक्ष होतो. उतारावर उंची वरच्या बाजूने धरायची. खोडावर वेल असेल तर टेप वेलीखालून सरकवायचा. पांढऱ्या सावरीसारख्या झाडांची आधारमुळं डोक्याच्याही वर जातात. तिथे शिडी लावून मुळांच्या वर मोजायचं आणि ती उंची लिहून ठेवायची. पुढच्या खेपेला दुसऱ्याच उंचीवर टेप लागला, तर जिवंत झाड कागदावर आकसतं. कित्येक झाडं वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात, त्यामुळे सेंटिमीटरभर चूक पाच वर्षांची वाढ गिळून टाकते.

ओळख पानांवरूनच, फुलं बहुधा हाती लागत नाहीत. पानं समोरासमोर आणि देठांच्या मध्ये उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारं छोटं पानासारखं अंग) दिसलं, की कॉफीचं कुळ.

तोल गेला तरी खोड पकडू नका, काळ्या ताडाचे काटे बोटभर लांब असतात. पँट मोज्यांत खोचा. बारीक गोचिड्या अंगावर पसरण्याआधी चिकटपट्टीने उचला. त्यासाठी पट्टीचं एक रीळ कायम खिशात हवं.