शह-विस्ताराची परीक्षा

बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम मी सी प्लस प्लसमध्ये लिहिला, तेव्हा मला सर्वांत जास्त छळले ते क्षितिज-परिणामाने. संगणकशास्त्रज्ञ हान्स बर्लिनर यांनी १९७३ मध्ये वर्णन केलेला हा दोष असा, की ठरलेल्या खोलीपलीकडचे, म्हणजे जितक्या खेळ्या पुढचे पाहायचे ठरले त्यापलीकडचे, दिसत नसल्याने प्रोग्रॅम लांबणीवर पडलेले नुकसान टळले असेच धरून चालतो. एका डावात एच-२ वर अडकलेला उंट जाणारच होता. तो वाचतो आहे या समजुतीने माझ्या प्रोग्रॅमने आधी दोन प्यादी फुकट दिली आणि मग उंटही गमावला.

यावरचा एक रूढ उपाय म्हणजे विस्तार: राजाला शह असेल, तर त्या फांदीचा शोध एक प्लाय, म्हणजे एका बाजूची एक खेळी, पुढे न्यायचा. तो घातल्यावर आठ प्लायच्या ठरावीक खोलीवर नवी आवृत्ती जुनीला सहज हरवू लागली. तरीही हा फायदा शह ओळखल्याचा, की केवळ जास्त शोध घेतल्याचा, हे मला कळत नव्हते. म्हणून मी तिसरी आवृत्ती केली, जिच्यात शहाकडे न पाहता साधारण तितक्याच स्थितींना यादृच्छिकपणे एक प्लाय वाढवून मिळे.

पहिल्यांदा मी नेहमीचे रँडम फंक्शन वापरले आणि तेच चुकले. एकच स्थिती कधी वाढे, कधी वाढत नसे. त्यामुळे ट्रान्सपोझिशन टेबलमधले, म्हणजे आधी तपासलेल्या स्थितींचे निकाल साठवणाऱ्या तक्त्यातले, गुण एकमेकांशी जुळेनात आणि एखादी चूक पुन्हा घडवून तपासणेही अशक्य झाले. मग स्थितीच्या झोब्रिस्ट कीचे, म्हणजे पटावरील मांडणीवरून काढलेल्या ओळख-क्रमांकाचे, सर्वांत वरचे चार बिट शून्य असतील तरच विस्तार द्यायचा, असे ठरवले. टेबलमधली जागा खालच्या बिटांवरून ठरत असल्याने वरचे घेतले. आता सरासरी सोळातली एक स्थिती निवडली जाई, आणि दर वेळी तीच.

ठरावीक खोलीवर ही यादृच्छिक आवृत्तीही मूळ प्रोग्रॅमला हरवू लागली, हे पाहून मी अक्षरशः थबकलो, कारण माझ्या आधीच्या निकालांचा आधारच त्याने काढून घेतला होता. दोन्हींना सारखा वेळ, म्हणजे डावाला दहा सेकंद आणि खेळीमागे दशांश सेकंद, दिल्यावर मात्र ती मूळ प्रोग्रॅमपेक्षा मागे पडली. शह-विस्तार पुढेच राहिला, जरी त्याची आघाडी पूर्वीपेक्षा बरीच कमी झाली.

तेव्हापासून माझ्याकडचा प्रत्येक विस्तार आधी त्याच प्रमाणातल्या यादृच्छिक विस्ताराशी सारख्या वेळात खेळतो. सातव्या पट्टीवर पोहोचलेल्या प्याद्यासाठीचा विस्तार, जो मला फार आवडत होता, या कसोटीत उतरला नाही आणि मी तो काढून टाकला.