धुऱ्यावरची फुलपाखरे

आज आमच्या भंडारा जिल्ह्यातील गावात, धानाच्या धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) ठरलेल्या वाटेने आणि संथ चालीने फुलपाखरांची नोंद घेताना, पाचोळ्यात ‘कॉमन इव्हिनिंग ब्राऊन’ हे फुलपाखरू आढळले. पावसाळी पिढीच्या पंखांच्या खालच्या बाजूस डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात. या कोरड्या ऋतूच्या पिढीत ते जवळजवळ लोपलेले होते आणि पंखावरची गडद रेघ वाळक्या पानाच्या शिरेसारखी दिसत होती. एकच फुलपाखरू रूप पालटत नाही, तर सुरवंट वाढताना मिळालेल्या हवामानावर ते ठरते. हे सुरवंट गवत आणि धानाची पाने खातात, म्हणून कापणीनंतर धुऱ्यावरचे गवत सरसकट पेटवू नये, ही माझी गावकऱ्यांना कळकळीची विनंती आहे. याच वाटेवरची नोंद उन्हाळ्यातही चालू ठेवणार आहे.