'ता'चा काना

पुण्यात गेली ९ वर्षं इटालियन शिकवते. परवा सराव-मुलाखत होती. विद्यार्थिनी साताऱ्याची, मास्टर्ससाठी इटलीतल्या तोरिनोला निघालेली. क्रियापदं अगदी तोंडपाठ.

"ई म्येइ जेनितोरी आबिताऽनो आ सातारा," ती म्हणाली. आईवडील साताऱ्याला राहतात. पलीकडच्या इटालियन बाईंनी दोनदा "कोमे?", म्हणजे "काय?", असं विचारलं. तिसऱ्यांदा पोरगी मोठ्याने बोलली, पण जोर पुन्हा 'ता'वरच. तिचा चेहरा उतरला.

शब्द आहे आऽबितानो. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटून चौथ्या अक्षरावर.

"तिचा कानच तयार नाही," असं एक सहकारी म्हणाले. मला ते मुळीच पटलं नाही. मी तिची वही मागितली. सगळं देवनागरीत, सुवाच्य: आबितारे, आबिताते, आबितानो. ता, ता, ता! इटालियन 'आ'ला काना द्यावाच लागतो, नुसता 'त' लिहिला तर 'अ' उच्चारला जातो. आणि काना दिसला की आपली जीभ तिथे रेंगाळते. त्यात क्रियापदाच्या रूपांच्या तक्त्याचा क्रम बघा. 'आम्ही'ला आबित्याऽमो, 'तुम्ही'ला आबिताऽते, दोन्हींत आघात पुढे सरकलेला. लगेच खाली 'ते'चं रूप, आणि आघात परत मागे. एकवचनी आऽबिता घ्यायचं, 'नो' जोडायचं, आघाताला हात लावायचा नाही. एवढं साधं, पण पुस्तकात ते डोळ्यांना दिसतच नाही, कारण इटालियनमध्ये आघाताची खूण सक्तीची असते ती आघात शेवटच्या अक्षरावर असेल तेव्हा. पार्लो म्हणजे मी बोलतो, पार्लोऽ म्हणजे तो बोलला, तिथे खूण हवीच. एरवी वाचणाऱ्याने ओळखायचं. काऽपितानो म्हणजे घडतात, कापिताऽनो म्हणजे कप्तान, कापितानोऽ म्हणजे त्याने नेतृत्व केलं. पहिले दोन छापील पानावर हुबेहूब सारखे.

त्याच वहीत एक गोष्ट मात्र फार सुंदर होती. 'फिनीस्कोनो' (ते संपवतात) या शब्दाची फोड तिने केली होती फि-नी-स्को-नो. इटालियन लोक ओळ तोडतानाही अशीच तोडतात, 'स' पुढच्या अक्षराकडे जातो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, जोडाक्षराने दिलं. 'तुत्तो'ला (सगळं) मात्र तेच जोडाक्षर दगा देतं. तिथे फोड तु-त्तो नाही, तुत्-तो.

म्हणजे वही फाडून टाक, असं तिला कोणत्या तोंडाने सांगू? रात्री बसून आम्ही आघाताच्या अक्षरापुढे लाल अवग्रह (ऽ) घातले. तेलेऽफोनानो, तिने तीनदा म्हटलं, तिन्ही वेळा बरोबर. कान्याशिवाय तो आखूड 'आ' लिहायचा कसा, ते मला अजून सुचलेलं नाही.