घरपट्टीची माफी आणि आण्णांची मेडलं

आमच्या गावच्या घराची घरपट्टी वर्षाला ६४० रुपये. ती माफ करून घ्यायला मला सात महिने लागले, आणि एसटी, झेरॉक्स, स्टॅम्पपेपर धरून तीन-चार वर्षांच्या घरपट्टीएवढे पैसे गेले. हे आधीच सांगून टाकते. व्यवहार बघणाऱ्यांनी इथेच थांबलेलं बरं.

आण्णा, म्हणजे माझे वडील, १९६८ साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले. बेळगावला ट्रेनिंग, ७१ची लढाई पश्चिम आघाडीवर, आणि १९८५ला हवालदार म्हणून पेन्शनीवर आले. राज्य सरकारने २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना काढून सरसकट सगळ्या माजी सैनिकांना घरपट्टी माफ केली, तेव्हा त्या बातमीचं कात्रण आण्णांनी कापून ठेवलं होतं. दोन वर्षांनी मी माहेरी गेले तर कात्रण जागेवर आणि घरपट्टीची पावतीही जागेवर, रीतसर भरलेली.

"अर्ज नाही केला?"

"गेलो होतो. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी विचारलं, पदक आहे का? नाही म्हणालो आणि आलो."

बस, एवढंच. आण्णांनी उलट एक शब्द विचारला नसणार, याची मला खात्री आहे. साहेबाने नाही म्हटलं की नाही.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना घेऊन ग्रामपंचायतीत गेले. आईही निघाली, आणि निघताना तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा पिशवीत टाकला. भाऊसाहेब तसे सज्जन. म्हणाले, "ताई, ते पदकवाल्यांना आणि सैनिकांच्या विधवांना असतं." आईने टेबलावर डबा उघडला. संग्राम मेडल, पश्चिमी स्टार, नऊ वर्षांच्या नोकरीचं मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल. रिबिनींचे रंग उडालेले. "ही काय मग बिल्ले आहेत?"

आता खरं सांगायचं तर भाऊसाहेब म्हणत होते ते शौर्यपदक. वीरचक्र, सेना मेडल असलं काही. डब्यातली मेडलं लढाईत होते, नोकरी केली म्हणून मिळतात. आण्णांना हा फरक चांगला ठाऊक होता, म्हणून तर ते "नाही" म्हणून परत आले होते. ते खाली मान घालून बसले. आई मात्र थांबेना. "म्हणजे मी विधवा झाले की घरपट्टी माफ, आणि हे जिवंत आहेत तोवर भरा, असंच ना?" भाऊसाहेबांना हसावं की नाही कळेना. मी कात्रण पुढे केलं. कात्रण चालत नाही, जीआर, म्हणजे सरकारचा शासन निर्णय, आणा म्हणाले. तिथेच मोबाईलवर जीआर शोधून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "असं होय." जुना नियम डोक्यात बसला होता, नवा त्यांच्यापर्यंत नीट पोचलाच नव्हता.

मग कागद. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र, राज्यात पंधरा वर्षं राहत असल्याचा डोमिसाईल, आणि माफी राज्यात एकाच घरासाठी घेतोय असं लिहून देणं. पंधरा वर्षांचं वाचून आण्णा पहिल्यांदा चिडले. "सतरा वर्षं बाहेर कशाला होतो मग?" पेन्शनीवर येऊन सदतीस वर्षं झाली आहेत, त्यातली पंधरा मोजा, असं समजावलं तेव्हा गप्प झाले.

डोमिसाईलला जन्मतारखेवरून अडलं. शाळेच्या दाखल्यावर आण्णांचा जन्म १ जूनचा. त्या पिढीत आमचं निम्मं गाव १ जूनलाच जन्मलंय, मास्तरांची कृपा. डिस्चार्ज बुकात मात्र तारीख वेगळी, कारण भरतीच्या वेळी आण्णांनी तोंडाने सांगितली ती. एकच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. त्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स काढणं हेही एक कामच होतं. शाई इतकी फिकी की पहिल्या तीन प्रती कोऱ्याच निघाल्या. शेवटी झेरॉक्सवाल्या पोराने गडद करून करून एक वाचण्यासारखी काढली आणि तिचे पैसेच घेतले नाहीत.

सैनिक कल्याण कार्यालयात उलट सगळं सरळ झालं. तिथले कल्याण संघटक स्वतः फौजेतलेच. आण्णांना "या हवालदारसाहेब" म्हणाले आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुढचा अर्धा तास दोघं युनिटं, पोस्टिंग आणि कुठल्या लंगरची, म्हणजे फौजेच्या खानावळीची, डाळ बरी यावर बोलत होते. प्रमाणपत्र मधल्या मधे तयार झालं.

खरा घोळ घरातच निघाला. नमुना आठला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदवहीत, घर अजून आजोबांच्या नावावर. आण्णांचं नाव लागल्याशिवाय माफी कुणाच्या घराला देणार? वारस नोंद करायची, तिघा भावांचे हिस्से वेगळे लावायचे, तर संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या हव्यात. आण्णांचे एक भाऊ, तात्या, त्यांनी लगेच केली. धाकट्या काकांना मात्र संशय आला की घरपट्टीच्या नावाखाली आण्णा घर स्वतःच्या नावावर करतायत. ६४० रुपयांसाठी एवढा खटाटोप कोण करतं, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. माझा नवराही तेच विचारत होता. तीन महिने तसेच गेले. शेवटी दिवाळीत आण्णा एकटेच काकांकडे गेले. काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही. सही झाली. मासिक सभेत ठराव झाला, तिन्ही हिश्श्यांच्या नोंदी वेगळ्या झाल्या.

एप्रिलनंतर नवीन मागणी बिल आलं. घरपट्टीसमोर आण्णांच्या हिश्श्यापुरती रेघ, खाली पाणीपट्टी तशीच. ती आण्णांनी त्याच दिवशी जाऊन भरली.

परवा फोन आला. भाऊसाहेबांनी त्यांना विचारलं होतं म्हणे, गावात आणखी माजी सैनिक किती आहेत? आण्णांनी त्या जुन्या कात्रणाच्या मागे यादी केली होती, सुभेदारापासून शिपायापर्यंत, हुद्द्याच्या क्रमाने. फोनवर वाचून दाखवली. अकरा नावं. त्यातले दोघे या दोन वर्षांत गेले, तिथे नाव खोडून बायकोचं लिहिलं होतं.

"येताना फॉर्म घेऊन ये," म्हणाले. "अकरा नको, पंधरा आण. लिहिताना चुकतात."