तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे घालण्याआधी मी काय बघतो

"काका, स्टार्टअपमध्ये पैसे घालायच्या आधी तुम्ही काय बघता?" लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, सगळीकडे हेच. २०२४ च्या बजेटमध्ये एंजल टॅक्स रद्द झाल्यापासून तर जास्तच, जणू तेवढीच काय ती अडचण होती. (स्टार्टअपनं शेअर वाजवी किमतीपेक्षा महाग विकले, तर त्या वरच्या पैशावरचा हा कर. तो कंपनीला बसायचा हो, तुम्हाला नाही.) विचारणाऱ्याला पाच मुद्द्यांची यादी हवी असते. मला दर वेळी वाघोलीतलं ते गोदाम आठवतं.

२०१९ ची गोष्ट. नाचणीच्या बिस्किटांची ऑनलाइन विक्री. दोघं पोरं, तिशीच्या आतली. दर महिन्याला विक्री चढती, एक्सेल चकचकीत. म्हटलं, आधी माल बघू. आत शिरलो तर मागच्या भिंतीला छातीइतकी खोक्यांची रास. एक उचलून हलवलं, आत खुळखुळलं. वर कुरिअरचं स्टिकर: ग्राहकाने घेण्यास नकार दिला.

"आरटीओ आहे काका, परत आलेला माल. कॅश ऑन डिलिव्हरीत चालायचंच."

"किती?"

"शंभरात तीसेक."

"आणि विक्री कधी धरता?"

"माल निघाला की."

मी २६ वर्षं भोसरीत कॉस्टिंग केलंय. उभ्या उभ्या हिशेब झाला. पाकीट ३९९ चं. माल १४०, पॅकिंग २५, कुरिअर ७०, जाहिरात १५०. उरले १४, तेही जीएसटी न धरता. आणि जे पाकीट परत येतं त्याचा छदामही मिळत नाही, वर परतीचं कुरिअर, आत चुरा. विक्री वाढेल तसा खड्डा वाढणार. हे सगळं मी त्यांच्याच एका रिकाम्या पाकिटाच्या मागे लिहिलं आणि घडी करून खिशात घातलं.

पुढच्याच आठवड्यात १५ लाख दिले.

का? लोकांना सांगतो, पोरं चांगली होती. होतीच. रात्री दोनला मेसेज केला तरी उत्तर यायचं. पण खरं सांगू? निवृत्त होऊन आठ महिने झाले होते, आणि कुणीतरी पुन्हा "तुमचं मत काय?" असं विचारत होतं. ते पाकीट मी हिला दाखवलंसुद्धा नाही.

दीड वर्षात कंपनी बंद. कोविडनं घात केला, असंही मी सांगतो. खोकी कोविडच्या आधीची होती.

"म्हणजे आता फक्त हिशेब बघता?" तसंही नाही. २०२१ मध्ये दूध तपासायचं यंत्र बनवणाऱ्या एकाला, आकडे जमत नाहीत म्हणून, परत पाठवलं. आज त्याच्याकडे सत्तर माणसं कामाला आहेत. पहिल्या वर्षी कुणाचेच आकडे जमत नसतात, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी चुकलो असं म्हणणार नाही. त्याचं तेव्हा एकच गिऱ्हाईक होतं, आणि ते त्याचा मेव्हणा.

गेल्या आठवड्यात एक मुलगी येऊन गेली. मसाल्यांचा धंदा. परत येणाऱ्या मालाचा आकडा तिनं मी न विचारता पहिल्याच पानावर लिहिला होता: शंभरात नऊ. पोरगी मला फार आवडली. तिथेच भीती वाटतेय. "काका, बघितलंत का?" या तिच्या मेसेजला अजून उत्तर दिलेलं नाही.