ठळक अक्षरातली मोकळी जागा

गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा म्हणजे झाडीपट्टी नाटकांचं, पूर्व विदर्भातल्या नाटकांचं गाव. दिवाळी झाली की इथल्या नाटक कंपन्यांच्या ऑफिससमोर गावोगावच्या मंडळांच्या गाड्या लागतात, अन् आमच्यासारख्या डिझाइन-फ्लेक्सवाल्यांकडे पोस्टरची रांग लागते. सगळ्यांची मागणी एकच, "भाऊ, नाटकाचं नाव दणकेबाज दिसलं पाहिजे!" बरोबरच आहे, चालत्या मोटरसायकलवरून माणसाला नाव, गाव अन् तारीख वाचता आली पाहिजे ना. पण त्यासाठी बहुतेक ठिकाणी काय करतात, साधा फॉन्ट घेतात, त्याला जाड आउटलाइन मारतात, तिच्यावर अजून एक पांढरी, वरून सावली. अक्षर फुगतं, वाचता मात्र येत नाही.

कारण आउटलाइन जेवढी बाहेर जाते तेवढीच आतही जाते, आणि मराठी अक्षराचा सगळा जीव त्या आतल्या पांढऱ्या जागेत आहे. ध आणि घ मध्ये फरक किती, तर वरच्या शिरोरेषेतली एक फट आणि छोटीशी गाठ. भ आणि म चं तेच. ती फट बुजली की 'धरती' ची 'घरती' होते अन् 'भाऊ' चा 'माऊ'. ष च्या पोटातली तिरकी रेघ तर सगळ्यात आधी गायब होते, म्हणून कितीतरी कृषी केंद्रांच्या बोर्डावर 'कृषी' हा शब्द नुसता काळा ठोकळा दिसतो.

खरा बोल्ड फॉन्ट असा फुगवलेला नसतो, त्यातलं अक्षर न् अक्षर जाडीचा विचार करून काढलेलं असतं. मी हल्ली मोठ्या ओळीसाठी पॉपिन्स वापरतो. इंडियन टाइप फाउंड्रीनं २०१४ च्या सुमारास आणलेला हा जॉमेट्रिक सॅन्स-सेरिफ (टोकांना शेपट्या नसलेला) फॉन्ट, देवनागरी आकार निनाद काळे यांचे, लॅटिन म्हणजे इंग्रजी अक्षरांचे जॉनी पिनहॉर्न यांचे. थिनपासून ब्लॅकपर्यंत ९ वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, आहेत. जॉमेट्रिक म्हणजे गोल, सरळ रेघ, जवळपास एकसारखी जाडी. या घराण्यातलं गाजलेलं नाव म्हणजे जर्मनीच्या पॉल रेनर यांचा १९२७ चा फ्युचुरा, अपोलो ११ नं चंद्रावर ठेवलेल्या पाटीवरची अक्षरं त्याचीच. पण "एकसारखी जाडी" हे डोळ्याला वाटायला पाहिजे, मोजून तशी नसते. आडवी रेघ उभीएवढीच जाड काढली तर ती जास्त जाड दिसते, म्हणून ती किंचित बारीक ठेवतात. गोलाई उभ्या दांडीला मिळते तिथंही थोडं खरवडतात, नाहीतर त्या कोपऱ्यात काळा डाग पडतो. पॉपिन्स बोल्डमधला 'व' किंवा 'ब' स्क्रीनवर खूप मोठा करून बघा, सांध्याजवळ रेघ निमुळती झालेली दिसेल, मला तर तेच बघत बसावंसं वाटतं.

देवनागरीत हे काम जास्त अवघड आहे. वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा-अनुस्वार, खाली उकार, मधे जोडाक्षरं. 'राष्ट्रीय' मधला 'ष्ट्री' ब्लॅक वजनात बसवायचा म्हणजे जाडी आणायची कुठून अन् सोडायची कुठं, हा हिशोब प्रत्येक जोडाक्षरात नव्यानं करावा लागतो. शिवाय आपली जुनी वळणं बोरूच्या तिरक्या कापातून आलेली, जाड-बारीक हा त्यांचा स्वभाव, आणि जॉमेट्रिक अक्षरात तोच काढून टाकलेला. म्हणून लग्नपत्रिकेला मी हा फॉन्ट देत नाही, तिथं लय पाहिजे. शंकरपटाचा (बैलांच्या शर्यतीचा) बॅनर, बियाण्याचं दुकान, शाळेची पाटी, आरोग्य केंद्राचा बाण, इथं मात्र एकदम बरोबर बसतो.

वापरताना वजन जपून निवडा. ब्लॅक फक्त दोन-तीन शब्दांना, खाली मंडळाच्या सदस्यांची पन्नास नावं असतात ती मुक्तासारख्या फॉन्टच्या मीडियममध्ये. बोर्डवाल्यांचा ठोकताळा आहे की दर १० फुटांना १ इंच उंचीचं अक्षर, म्हणजे रस्ता ६० फुटांवर असेल तर ६ इंच. गडद पाटीवर पांढरं किंवा पिवळं अक्षर असेल तर ते आहे त्यापेक्षा जाड दिसतं, मागून लाइट असला तर अजूनच, तिथं ब्लॅकच्या ऐवजी बोल्ड घ्या. फ्लेक्सवर शाई थोडी पसरते तेही धरून चाला.

आणि हे फॉन्ट युनिकोड आहेत, व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर थेट पेस्ट होतो, पुन्हा टाइप करायची कटकट नाही (फक्त जुन्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये वेलांट्या भलतीकडे जातात, व्हर्जन बघून घ्या). लायसन्स मोफत आहे, धंद्याच्या कामालाही चालतं, चोरीचा फॉन्ट कशाला पाहिजे मग?

एक गोष्ट मात्र फॉन्ट घेताना नक्की तपासा, ल आणि श. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श, महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही तेच आकार आहेत, पण बरेच फॉन्ट आधी हिंदी वळणाचे आकार दाखवतात. काही फॉन्टमध्ये मराठी आकार आत ठेवलेले असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली तरच ते बाहेर येतात, आणि वेबसाइटवर पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी लिहावी लागते. ज्या फॉन्टमध्ये ते आकारच नाहीत त्याच्यात मी 'शाळा' किंवा 'लाखनी' ची पाटी करत नाही, दुसरा फॉन्ट शोधतो.