ढगांखालचा गहू

रविवार, रात्री

अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियममध्ये बहुतेकांची पावलं कावळ्यांच्या चित्राकडे वळत होती. मी त्याच महिन्यातल्या, जुलै १८९०च्या, दुसऱ्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिले. गडगडत्या ढगांखालची गव्हाची शेतं. रुंदी उंचीच्या दुप्पट, साधारण ५० बाय १०० सेंटिमीटर, त्यामुळे नजर आडवीच पळत राहते. माणूस नाही, घर नाही, वाट नाही. खाली हिरव्या-पिवळ्या शेतांचे पट्टे, वर निळ्यावर चढलेला गडद निळा आणि त्यात पांढरे फटकारे. वारा कुठेच काढलेला नाही, तरी सगळीकडे आहे.

ही शेतं पॅरिसजवळच्या ओव्हेर गावची. भावाकडे, थिओकडे, जाऊन आल्यावर व्हॅन गॉग फार खचला होता. थिओची नोकरी डळमळीत, तान्हं बाळ आजारी, आणि आपला भार त्याच्यावरच, ही बोचणी. थिओ आणि त्याच्या बायकोला, योहानाला, त्याने लिहिलं की कुंचला हातातून जवळजवळ गळून पडत होता, तरी तीन मोठी चित्रं झाली. त्यांत दुःख आणि टोकाचं एकटेपण आणायचा प्रयत्न केलाय, हेही लिहिलं.

लोक इथेच थांबतात, आणि मला त्याचा राग येतो. २९ जुलैला तो गेला, म्हणून ही सगळी शेतं त्याची मरणचिठ्ठी ठरवून टाकायची? कावळ्यांचं चित्र तर शेवटचंही नाही. अभ्यासक आता तो मान झाडांच्या मुळांच्या चित्राला देतात. त्याच पत्रात पुढे तो म्हणतो, की शब्दांत सांगता येत नाही ते ही चित्रं सांगतील: या शेतशिवारात मला काय निरोगी, बळ देणारं वाटतं ते.

दुःख आणि बळ एकाच आभाळात कसं, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला समजावून सांगावं लागत नाही. अवकाळीचे ढग आले की पोटात गोळा येतो, आणि त्याच वाऱ्याने छाती गार होते. दोन्ही खरं.

संध्याकाळी आईला फोटो पाठवला. चित्रकार कोण, हे तिने विचारलंच नाही. म्हणाली, "शेत अजून हिरवं दिसतंय गं. एवढ्या पावसाने काही बिघडत नाही."